लांबची नावाजलेली शाळा की घराजवळची? निर्णय कसा घ्यावा

धायरी, नऱ्हे, वाघोली किंवा मोशी अशा पुण्याच्या वाढत्या कडेला घर घेतलेल्या कुटुंबासमोर मूल पाच वर्षांचे झाले की एक प्रश्न हमखास उभा राहतो : पायी दहा मिनिटांवर असलेल्या शाळेत नाव घालायचे, की पेठांमधल्या किंवा डेक्कनच्या, दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीच्या शाळेत? १८८० साली सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल किंवा त्याच दशकातली हुजूरपागा यांच्याशी ज्या घरांचे नाते आजी-आजोबांपासून आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ किलोमीटरचा नसतो, हे मान्य आहे. तरीही विचाराची सुरुवात प्रवासापासूनच करावी, असे माझे मत आहे, कारण शाळेचे बाकीचे गुण बव्हंशी ऐकीव असतात आणि प्रवास मात्र स्वतः मोजता येतो.

हा प्रवास मोजताना बहुतेक पालकांची गफलत होते. खासगी शाळांचे प्रवेश साधारणपणे हिवाळ्यात होतात, तेव्हा रस्ते कोरडे असतात; त्यातही शाळा पाहायला आपण शनिवारी स्वतःच्या गाडीने जातो आणि अर्ध्या तासात पोहोचल्याचे समाधान मानतो. मुलाचा प्रवास मात्र व्हॅनने किंवा बसने होणार असतो. ही व्हॅन सर्वांत लांबच्या मुलाला सकाळी सर्वांत आधी घेते आणि परतताना सर्वांत शेवटी सोडते, त्यामुळे कडेला राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला दोन्ही वेळा पूर्ण फेरी येते. म्हणून नकाशावरची मिनिटे बाजूला ठेवून व्हॅनवाल्या काकांना सरळ विचारावे, की आमच्या सोसायटीच्या फाटकावर गाडी किती वाजता येईल आणि दुपारी किती वाजता परत येईल. त्यात थांब्यावर वाट पाहण्याची पाच-दहा मिनिटे मिळवावीत. शिवाय एकदा तरी कामाच्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी, बसने किंवा दुचाकीने तो रस्ता स्वतः करून पाहावा.

आता आलेल्या आकड्याचे वर्षभराचे गणित मांडू या. समजा, जायला ५० मिनिटे आणि यायला ५० मिनिटे लागतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. २०० दिवसांत हा प्रवास सुमारे ३३३ तासांचा होतो. पायी दहा मिनिटांवरच्या शाळेसाठी तोच आकडा ६७ तासांच्या आसपास राहतो. म्हणजे दोन पर्यायांमधला फरक सुमारे २६६ तासांचा, वर्षभरात वर्गात मिळणाऱ्या किमान शिकवणीच्या एक तृतीयांशाइतका आहे. लांबच्या शाळेकडून जे जास्तीचे मिळणार आहे, ते एवढ्या तासांच्या मोलाचे आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो असा आकड्यात मांडला की घरातल्या चर्चेचा सूर बराच बदलतो.

तासांइतकेच महत्त्व झोपेला द्यावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तासांची झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. व्हॅन पावणेसातला येणार असेल तर मूल पावणेसहाला उठणार, म्हणजे ते रात्री पावणेनऊपर्यंत झोपलेले हवे. ज्या घरात आई किंवा बाबा कामावरून साडेआठला परततात, तिथे हे जमेल का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश दिले, ते मुलांच्या झोपेचाच विचार करून. पण नऊची शाळा म्हणजे व्हॅन नेमकी कचेरीच्या गर्दीत सापडणार, ही त्याची दुसरी बाजू आहे. त्यामुळे शाळा सध्या किती वाजता भरते आणि पुढच्या वर्षी वेळ बदलणार आहे का, हे दोन्ही शाळांत विचारून घ्यावे.

सरासरी दिवसाबरोबर वाईट दिवसाचाही हिशेब हवा. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बाकीच्या पुलांवर गर्दी चढते; जुलै २०२४ मध्ये तर सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरले होते. गणेशोत्सवात पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद होतात, पालखीच्या वेळी वाहतूक वळवली जाते. अशा दिवशी मुलाला ताप आल्याचा फोन शाळेतून आला, तर अर्ध्या तासात तिथे कोण पोहोचेल? उत्तरादाखल एक नाव पुढे आले पाहिजे. आजी-आजोबा किंवा आत्या शाळेजवळ राहत असतील, किंवा आईची कचेरीच त्या भागात असेल, तर लांबची शाळा खऱ्या अर्थाने लांब राहत नाही, आणि हा मुद्दा तिच्या बाजूने मोकळेपणाने धरावा.

गाडीही डोळ्यांनी पाहावी. काही रिक्षांमध्ये चालकाच्या मागे आडवी लाकडी फळी टाकून त्यावर तीन-चार मुले बसवलेली असतात, दप्तरे बाहेर आकड्यांना लटकत असतात आणि कडेच्या मुलाचा गुडघा रिक्षाबाहेर आलेला असतो. शाळा सुटताना फाटकाशी पंधरा मिनिटे उभे राहिले, तर कोणाची गाडी कशी भरते, हे कोणालाही न विचारता कळते. स्कूलबससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत : शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, गाडीत प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक असावे लागते, मुली असतील तर महिला मदतनीसही असावी लागते. समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, असे विचारून पाहा. उत्तर देताना शाळा अडखळते की तारीख सांगते, यावरून बरेच समजते.

यानंतर जवळच्या शाळेकडे वळावे, आणि इथे पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. ती शाळा बहुतेकांनी फक्त बाहेरून पाहिलेली असते. यू-डायस, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकावरून पट, शिक्षकांची संख्या आणि सोयींची सरकारी माहिती मिळते. प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण हाताशी ठेवून ती वाचावी. मग मधल्या सुट्टीत शाळेत जावे. स्वच्छतागृहात पाणी आहे का, ते पाहावे. तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही त्याच्या पालकांच्या परवानगीने उघडून पाहावी : बाईंनी प्रत्येक पानावर नुसती बरोबरची खूण करून सही ठोकली आहे, की चुकलेली वजाबाकी शेजारी पुन्हा सोडवून घेतली आहे? दहावीच्या निकालाचा फलक पाहून पहिलीचा प्रवेश ठरवणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण त्या निकालात शाळेइतकाच क्लासचा आणि घराचाही वाटा असतो, आणि तुमचे मूल तिथवर पोहोचायला दहा वर्षे आहेत.

लांबची शाळा निवडण्याची सबळ कारणे मोजकीच आहेत. मराठी माध्यम हवे आहे आणि आसपास सगळ्या इंग्रजी माध्यमाच्याच शाळा आहेत, ही अडचण नव्या उपनगरांत खरी आहे. मुलाला विशेष शिक्षकाची गरज आहे आणि जवळ तशी सोय नाही, हे तर निर्विवाद कारण आहे. जवळच्या शाळेत वर्गाला पुरेसे शिक्षकच नसतील, तरी प्रवास पत्करावा. पण चित्रकला, बुद्धिबळ, पोहणे यांसाठी रोजचा प्रवास पत्करू नये. या गोष्टी वाचलेल्या वेळात घराजवळही होतात, आणि संध्याकाळी खाली खेळायला वर्गातलीच मुले असतात, हा लाभ वेगळाच.

माझा कल असा, की चौथीपर्यंत एका बाजूने अर्ध्या तासाहून अधिक प्रवास करायला लावू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनीही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी शेजारशाळेची मर्यादा मानली आहे, त्यामागे मुलाच्या वयाचाच विचार आहे. पाचवीत आणि आठवीत शाळा बदलण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, कारण अनेक हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात. आठवीतले मूल पीएमपीच्या शहर बसने मित्रांसोबत जाऊ शकते, तेव्हा तेच अंतर त्याला तितके जड जात नाही.

म्हणून जवळची शाळा निवडलीत तर चौथीच्या दिवाळीच्या सुट्टीतच पाचवीच्या प्रवेशांची चौकशी सुरू करावी. लांबची निवडलीत तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रवेश रद्द केल्यास किती शुल्क परत मिळेल, गाडीचे पैसे मे महिन्याचेही द्यावे लागतील का, आणि व्हॅन बंद पडली तर मुलांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची.