डाळ निवडताना या चुका टाळा

"डाळ शिजतच नाही," असं कुणी म्हणालं की मी आधी डाळीचा डबा बघायला मागते. बहुतेक वेळा कुकर बिचारा ठीक असतो, डाळच भलती घेतलेली असते.

सगळ्यात जास्त खटकते ती रंग बघून डाळ उचलायची सवय. तूर पिवळी, हरभऱ्याची डाळ पिवळी, सोललेला मूगही पिवळा. परवा भाचीचा फोन आला, "मावशी, पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ टचटचीतच आहे गं!" फोटो मागवला. वर पिवळं पाणी, खाली डाळीचे अख्खेच्या अख्खे दाणे. तूर समजून तिने हरभऱ्याची डाळ लावली होती, तीही न भिजवता. वर घाईघाईत टोमॅटोही आधीच घातलेला. आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो, म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू हे सगळं डाळ शिजल्यावरच. टोमॅटोच्या फोडी काढायला लावल्या, गरम पाणी घालून पुन्हा वीस मिनिटं शिजवली, तेव्हा कुठे दाणा बोटात चेपला.

ओळखायचं कसं? दोन्ही डाळी तळहातावर घ्या. हरभऱ्याची जाड, एका बाजूने फुगीर आणि जरा खडबडीत लागते. तुरीची चपटी, गुळगुळीत. हरभऱ्याची मी निदान दोन तास भिजवतेच. तेवढा धीर नसेल तर त्या दिवशी मूग किंवा मसूर लावा.

मसुरातही असाच घोळ होतो. केशरी मसूर डाळ उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत विरघळते, रंगही पिवळट होतो. दाटसर सुपाला ती उत्तम. पण दाणा मोकळा हवा असेल, सॅलडमध्ये घालायचा असेल, तर सालासकट अख्खा मसूरच घ्या आणि वीस मिनिटांनंतर एकेक दाणा चावून बघत राहा. डाळ निवडण्याआधी मी एवढंच ठरवते: दाणा विरघळायला हवा की दिसायला हवा?

हरभऱ्याची डाळ आणि मसूर डाळ एकदम लावू नका. आधी हरभरा अर्धा शिजू द्या, मग मसूर घाला.

उडीद डाळ चिकट दाटपणा देते, तो हवा असेल तरच घ्या.

खायचा सोडा घालून डाळ झटपट शिजवणं मला अजिबात पटत नाही. डाळ बुळबुळीत होते, चव साबणासारखी लागते आणि ब १ जीवनसत्त्वही जातं. भिजवायला वेळ द्या, सोड्याची गरजच पडणार नाही.

डब्यावर डाळीचं नाव आणि भरल्याचा महिना लिहा. जुन्या डाळीवर नवी ओतू नका. जुनी मऊ होईपर्यंत नवीचा गाळ होतो.