पीएच कंट्रोलरच्या व्हॉल्व्हला वीज जोडताना

मी मोटारी रिवाइंड करतो. त्यामुळे फिश टँकमधल्या झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला तेव्हा त्याच्या सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हचं वायरिंग मला किरकोळ वाटलं होतं. दोन वायरी, एक कॉइल. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सगळे टेट्रा मासे वर येऊन धापा टाकत होते आणि कंट्रोलरवर पीएच ६.६ च्या जागी ६.१ दिसत होता. वायू वाढला की पीएच उतरतो. कंट्रोलरने व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं होतं, पण त्याच्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. दोन मासे गेले. त्यानंतर सगळी जोडणी मी पुन्हा केली, ती अशी.

आधी ०.५ चा फरक किती मोठा असतो ते पाहा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड साधारण ३ × केएच (पाण्याचा कार्बोनेट कठीणपणा, जर्मन अंशांत) × १० चा (७ − पीएच) घात, इतके मिलिग्रॅम प्रतिलिटर. माझ्या पाण्याचा केएच ४ आहे. ६.६ ला हे उत्तर ३० येतं, ६.१ ला ९५. पीएच ०.३ ने उतरला की वायू दुप्पट होतो, म्हणून वीज जोडताना हलगर्जीपणा नको.

व्हॉल्व्ह नॉर्मली क्लोज्डच घ्या, म्हणजे वीज गेली की तो आपोआप मिटतो. कॉइल १२ व्होल्ट डीसीची घ्या. टाकीशेजारी ओल्या हातांनी काम होतं हे एक कारण. दुसरं माझ्या धंद्यातलं: एसी कॉइलमध्ये प्लंजर (कॉइल ओढते तो लोखंडी दांडा) कचऱ्यामुळे पूर्ण आत बसला नाही तर करंट चढाच राहतो आणि कॉइल जळते. डीसी कॉइलला तो त्रास नाही. कॉइल तासन्‌तास चालू राहणार, म्हणून ती सतत चालवण्यासाठी बनवलेली आहे ना, हे खरेदीआधी विचारा.

अ‍ॅडॉप्टर किती अँपिअरचा? कॉइलवरची अक्षरं पुसली असतील तर मल्टिमीटरने तिचा रेझिस्टन्स मोजा. माझ्या कॉइलचा २४ ओहम भरला. १२ भागिले २४ म्हणजे अर्धा अँपिअर, ६ वॅट. याला १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरे, पण शॉर्ट झाल्यावर स्वतः बंद होणारा घ्या.

आता डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. माझे मासे याच्याच अभावी गेले असं मी मानतो. कॉइलचा करंट तोडला की ती उलट्या दिशेने शेकडो व्होल्टपर्यंतचा झटका देते. त्यातून रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पडते, आणि रोज पडत राहिली की पॉइंट खराब होतात. शिवाय पीएच प्रोबचा (पाण्यातल्या सेन्सरचा) सिग्नल एका पीएचमागे जेमतेम ५९ मिलिव्होल्ट असतो. असा झटका शेजारून गेला की आकडा उड्या मारतो. माझा कंट्रोलर व्हॉल्व्ह बंद होताना दर वेळी ०.४ ने हलायचा आणि मी प्रोब बदलायच्या विचारात होतो. 1एन4007 डायोड कॉइलच्या दोन टोकांमध्ये, अगदी कॉइलजवळ, सोल्डर केला आणि हलणं थांबलं. डायोडचं पट्टा असलेलं टोक पॉझिटिव्हला जोडायचं. उलटा बसला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून वीज देण्याआधी दोनदा पाहा. एसी कॉइलला मात्र हा डायोड लावायचा नाही.

जोडणीचा क्रम: अ‍ॅडॉप्टर दिव्याच्या टायमरवर लावा. त्याची पॉझिटिव्ह वायर कंट्रोलरच्या रिलेतून कॉइलला न्या, निगेटिव्ह थेट. रात्री झाडांना कार्बन डायऑक्साइड लागत नाही. रिले पुन्हा कधी चिकटला तरी दिव्याबरोबर व्हॉल्व्ह मिटतो. टायमर आणि रिले, दोघांनी होकार दिल्याशिवाय वायू सुटत नाही. मी त्यात वायूची धार कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्हही इतका घट्ट ठेवतो की दिवसभर सोलेनॉइड उघडा राहिला तरी पीएच ६.४ च्या खाली जात नाही.

काही कंट्रोलरना थेट सॉकेटच असतं, त्यात अ‍ॅडॉप्टर खोचायचा. चालतं, पण अ‍ॅडॉप्टर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो आणि तोही रिलेचे पॉइंट खातो. पर्याय असेल तर रिले डीसी बाजूलाच ठेवा.

कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, तापमान ५० अंशांनी चढलं तर सुमारे २० टक्के, आणि ओढ कमी होते. म्हणून गार कॉइलवर चाचणी करून समाधान मानू नका. दोन तास चालवा, मग पूर्ण दाबावर वीस वेळा बंद-चालू करा. वीसही वेळा टक आवाज यायला हवा.

वायरी सॉकेटकडे नेताना मधे खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथून ठिबकेल. प्रोबची वायर व्हॉल्व्हच्या वायरीपासून लांब ठेवा. टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

शेवटी नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि अ‍ॅडॉप्टरचा प्लग काढा. बुडबुडे लगेच थांबले नाहीत तर घाबरू नका, व्हॉल्व्हपुढच्या नळीत अडकलेला दाब आधी निघून जातो. पंधरा मिनिटांनंतरही येत असतील तर सिलिंडर बंद करा, दाब सोडा, व्हॉल्व्ह उघडून सीटवरचा कचरा पुसा आणि पेला पुन्हा लावा.