औषध अंगात साचले तर : डायलिसिसच्या रुग्णाच्या घरची तयारी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या अंगात इतरांना सोसणारी मात्राही साचत जाते, म्हणून घरच्यांनी आधी लक्षणे ओळखायला शिकावे. न थांबणाऱ्या उचकीवर बॅक्लोफेन, नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन किंवा नागिणीवर व्हॅलासायक्लोव्हिर सुरू झाल्यावर रुग्ण असंबद्ध बोलू लागला, हातपाय झटकू लागला किंवा गुंगीतून उठेना, तर अशक्तपणा समजून सकाळची वाट पाहू नये. या लक्षणांचे कारण पक्षाघात असू शकते, साखर उतरणेही असू शकते. तो निवाडा रुग्णालयातच होतो.

सोबत न्यायच्या पिशवीत घरातल्या सर्व गोळ्यांची पाकिटे भरावीत, अगदी केमिस्टकडून परस्पर आणलेली आणि काढे-चूर्णेसुद्धा, आणि शेवटची मात्रा कधी घेतली ते कागदावर लिहावे. माझ्या मते फाईलपेक्षाही ही पिशवी मोलाची आहे, कारण डायलिसिसने प्रत्येक औषध निघत नाही : मनोविकारांवरचे लिथियम किंवा मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यांसारखी, रक्तातल्या प्रथिनांना न चिकटणारी लहान रेणूंची औषधे गाळणीतून बाहेर पडतात, पण हृदयासाठीचे डिगॉक्सिन ऊतींमध्ये आणि रक्तदाबाचे अ‍ॅम्लोडिपिन प्रथिनांना चिकटून राहत असल्याने तिथे डॉक्टरांना दुसरा उपाय योजावा लागतो.

फाईलमध्ये जुने केस पेपर, मागच्या डायलिसिसची तारीख, ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यानंतरचे वजन) आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे अहवाल असावेत. संसर्ग असलेल्यांसाठी मशीन वेगळे ठेवतात, म्हणून अहवाल नसले तर कोणत्या मशीनवर घ्यायचे हे ठरण्यात वेळ जातो. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला सुई टोचू नये वा रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, हे कॅज्युअल्टीत पोहोचताच सांगावे.

रात्री तातडीचे डायलिसिस कुठे होते, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे आणि मुंबईत हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी भरले तर कोणत्या बाजूचे रुग्णालय गाठायचे तेही ठरवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा.

एका डायलिसिसने रुग्ण शुद्धीवर आला तरी घरी सोडण्याचा आग्रह धरू नये. लिथियमसारखे औषध पेशींतून पुन्हा रक्तात उतरते, त्यामुळे काही तासांनी पातळी परत तपासावी लागते आणि कधी दुसऱ्यांदा मशीन लावावे लागते. सुटी मिळताना जे औषध साचले त्याचे नाव फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्यावे आणि दंतवैद्यासह प्रत्येक नव्या डॉक्टरला ते पान आधी दाखवावे.