शेतावर राहून काम करायला येताय? या चुका टाळा

फोन येतो तो यांच्या मोबाइलवर. "राहायला-जेवायला द्या, रोज चार-पाच तास शेतात काम करतो," असं समोरचा म्हणतो. हे म्हणतात, "या की." झालं, ठरलं. भाकरी मात्र मला थापायची असते.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी, दोन म्हशी, एक बैलजोडी. गेली काही वर्षं शहरातली मुलं-मुली आमच्याकडे येऊन राहतात, काम करतात आणि जेवतात. पैसे ना ते देतात, ना आम्ही देतो. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपार्ड यांनी शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर जाऊन काम करण्याचा उपक्रम सुरू केला, त्याचंच पुढे 'वूफ' (WWOOF) नावाचं जगभरचं जाळं झालं. आपल्याकडे इरजिक होतीच. गावानं एकाच्या शेतात राबायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. फरक एवढाच, की इरजिकीत कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. आता येणाऱ्याला घर माहीत नसतं आणि घराला येणारा माहीत नसतो. बहुतेक चुका तिथंच होतात.

घरातल्या बाईशी न बोलता ठरवणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तुम्ही पाच तास यांच्यासोबत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर काम करता. पण तुमच्या वाट्याच्या सहा-सात भाकरी, दोन वेळचं माळवं, चहा, अंथरूण, पाणी हे सगळं माझ्याकडे येतं. शेतातलं काम हलकं झालं आणि घरातलं दुप्पट झालं, असं मी एक पूर्ण हंगाम काढला आहे. तेव्हा फोन कराल त्या वेळी सांगा, "घरात स्वयंपाक कोण करतं, त्यांच्याशी बोलू द्या." आम्हाला विचारा: जेवण किती वाजता असतं, तिखट चालत नसेल तर काय करायचं, भांडी कोण घासतं, संडास-न्हाणी कुठे आहे. खोली पत्र्याची आहे का, दाराला आतून कडी आहे का, हेही विचारा. खोलीचा फोटो मागवायला संकोच करू नका. मुलगी एकटी येत असेल तर तिनं एवढं विचारलंच पाहिजे, आणि ते विचारल्यावर जे घर नाराज होईल त्या घरी जाऊ नये.

कामाचे तास, सुटीचा दिवस, किती दिवस राहणार, मधेच निघायचं झालं तर काय, एवढं मेसेजवर लिहून घ्या. परदेशी पाहुणा ठेवणार असाल तर घरमालकांनो, तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरायचा असतो, ते विसरू नका.

पाहुणा होऊन बसणं

इकडं आलेल्या माणसाला लगेच काम सांगायची रीत नाही. सासूबाई म्हणतील, "बस की बाई, आत्ताच तर आलीस." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणतील. "काही मदत करू का?" असं विचारलंत तर उत्तर "नको" असंच येणार. मग येणाऱ्याला वाटतं, इथं आपली गरज नाही. आणि तिसऱ्या दिवशी घरात कुजबुज सुरू होते, की हे तर नुसतंच बसून आहे.

विचारायचं तर नेमकं विचारा. "शेण मी काढू का? पाटी कुठं आहे?" "हा कडबा तोडून टाकू?" यावर नको म्हणायला जीभ रेटत नाही. एकदा शेणाची पाटी हातात घेतली की पाहुणेपण संपतं. आमच्याकडे एक मुलगी दुसऱ्याच दिवशी पहाटे सासूबाईंच्या शेजारी झाडू घेऊन उभी राहिली. तिला महिनाभर कुणी काम सांगितलं नाही, तरी एक दिवस ती रिकामी बसली नाही.

ओळख नसताना पिकाला हात लावणं

दोन वर्षांपूर्वी जुलैत पुण्याचा एक मुलगा आला होता. चांगला कष्टाळू. सोयाबीन वीस दिवसांचं झालं होतं, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. मी त्याच्या हातात खुरपं दिलं, केना दाखवला, कुर्डू दाखवला, गाजरगवत दाखवलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेले. तुरीचं सांगायचं राहून गेलं.

त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? सोयाबीनचं पान रुंद, भरलेलं. त्या वयाची तूर म्हणजे सुतळीएवढा देठ आणि तीन-तीन अरुंद, टोकदार पानं. सोयाबीनसारखं जे दिसत नाही ते तण, असं त्यानं धरलं. मी परत आले तेव्हा धुऱ्यावर नीट ढीग लावलेला, वरची माती झटकलेली, आणि ढिगात केन्याच्या जोडीनं दीड-दोनशे तुरीची रोपं. दुपारच्या उन्हात ती पार माना टाकून पडली होती.

संध्याकाळी घरात आरडाओरडा झाला नाही. ओल होती म्हणून दुसऱ्या दिवशी त्यालाच सोबत घेऊन, तूर टोबून नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा भरल्या. ती तूर उगवली, पण शेवटपर्यंत मागे राहिली. जानेवारीत बाकीच्या तुरी वाळून खुळखुळत होत्या, त्या दोन ओळींत मात्र मधेमधे हिरव्या शेंगा होत्या. काढणीला त्यांच्यासाठी वेगळी चक्कर मारावी लागली.

तेव्हापासून मी नव्या माणसाला आधी प्रत्येक पिकाचं एकेक रोप दाखवते, त्याच्या बोटांनी चाचपायला लावते, नाव म्हणून घेते. पहिली पात, म्हणजे खुरपायची ओळ, माझ्या शेजारी धरायची. शंका आली तर झाड तसंच सोडायचं. राहिलेलं तण उद्याही काढता येतं.

सोयाबीन काढणीला याल तर एक सांगते. वाळलेल्या शेंगांची टोकं सुयांसारखी टोचतात. आमच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात आणि हातात जुने पायमोजे चढवतात. तुम्हीही पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणा.

पाणी शहरासारखं वापरणं

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. लातूर आमच्या शेजारचं. तो उन्हाळा इथं कुणी विसरलेलं नाही. आमच्या बोअरला मार्चनंतर तासभर पाणी चालतं, मेमध्ये तेही नाही. एकीनं एप्रिलमध्ये दोन जीन्स आणि एक चादर खळखळून धुतली. टाकीतलं जे पाणी गेलं ते बैलांच्या वाट्याचं होतं. उन्हाळ्यात एक बैल दिवसाला चाळीस लिटरच्या पुढे पाणी पितो. तिला कुणी बोललं नाही, पण मला घागरी घेऊन शेजारच्या विहिरीवर जावं लागलं.

आल्या दिवशीच विचारा, "माझ्या वाटणीला किती बादल्या?" आंघोळीचं पाणी पपईला सोडायचं असतं, तेव्हा साबण बेतानं वापरा. रांजणात पेला बुडवू नका, ओगराळ्यानं पाणी घ्या.

खरं तर एप्रिल-मेमध्ये येऊच नका. काम थोडं, पाणी नाही, ऊन बेचाळीसच्या पुढे. शिकायचंच असेल तर जुलै-ऑगस्टची खुरपणी, दसऱ्याच्या आसपासची सोयाबीन काढणी किंवा फेब्रुवारीतली ज्वारी धरा. डिसेंबर-जानेवारीत येळवस येते, म्हणजे वेळ अमावस्येचा सण. त्या दिवशी कामाचं नाव काढू नका, शेतात बसून भज्जी-आंबील खा.

मजूर बाईची रोजंदारी आपल्याकडे ओढणं

हे घरमालकांसाठीही आहे. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात, माणसं ऊसतोडीला जातात. जे गावात राहतात त्यांना खुरपणी-वेचणीचा रोज हाच आधार असतो. फुकट हात मिळाले म्हणून कुणी त्या बायांना "उद्या येऊ नका" म्हणत असेल तर तिथं राहू नका. आम्ही ठरवलं आहे, बायांचा रोज तेवढाच ठेवायचा. येणाऱ्यांनी गोठा, खत, कुंपण, रोपवाटिका आणि घरकाम यांत हात लावायचा. बायांसोबत पात धरायची ती शिकण्यापुरती.

अंगावर बेतणाऱ्या चुका

इथं भिडेनं हो म्हणू नका. फवारणीचा पंप पाठीला लावू नका आणि फवारलेल्या रानात त्या दिवशी जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर विषबाधेनं दगावले, ती फवारणीची सवय असलेली माणसंच होती. शेतीची लाईट पाळीनं येते, कधी रात्रीची. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्री जायची हौस अनेकांना असते. घरच्या माणसाशिवाय जाऊ नका, बूट, काठी, बॅटरी घ्या आणि ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका.

झोपायचं बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. असं झालं तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. आम्हाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे. तुम्ही जाल त्या शेताला कोणता दवाखाना जवळ, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबू नका. वीज कुठे पडते आहे हे सांगणारं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या.

न सांगता निघणं

नाही जमत कुणाकुणाला. पोट बिघडतं, हाताला फोड येतात, घरची आठवण येते. त्यात लाज कसली? पोटाचं पहिल्या दिवशी सांगितलंत तर मी भाताची पेज करते; चौथ्या दिवशी सांगितलंत तर दवाखाना गाठावा लागतो. निघायचं ठरलं तरी तसंच. गावातून मुक्कामी एसटी सकाळी सहाला सुटते. आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे मला चारला उठून पीठ मळता येतं आणि वाटेसाठी दोन धपाटे बांधून देता येतात.