पंख की पिसं? प्राण्यांचे गट पाडण्याचा खेळ

चार-पाच वर्षांच्या मुलांना १२ चित्रं पुरतात. जास्त दिली की ती नुसती पसरतात. जमिनीवर दोरीची २ रिंगणं करा: ‘आहे’ आणि ‘नाही’. एका फेरीत एकच प्रश्न.

आधी पंख विचारा. चिमणी, फुलपाखरू, वटवाघूळ एकाच रिंगणात येतील. तीच चित्रं उचलून आता पिसं विचारा. फक्त पक्षी उरतील, न उडणारा पेंग्विनसुद्धा! ‘उडतो तो पक्षी’ हा समज इथेच सुटतो. प्रत्येक चित्रामागे ‘कशावरून?’ विचाराच. चूक लगेच दुरुस्त करू नका, त्याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवून तुलना करू द्या.

‘पाळीव-जंगली’ हा प्रश्न मात्र नंतर घ्या, कारण त्याचं उत्तर चित्रात दिसत नाही.