ज्वारी दळायला टाकण्याआधी

लेकीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-सातूतल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते, असं कळल्यावर तिच्या ताटातली पोळी बंद केली, भाकरी सुरू केली, आणि तरी तिचं पोट दुखतच राहिलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं. ते येत होतं गिरणीतून. पीठ पडतं तिथे बांधलेली कापडी बाही मी एकदा झटकून पाहिली, तर आधीच्या गव्हाचं मूठभर पीठ खाली पडलं. म्हणून आता जमल्यास घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू, रवा, सातू कधीच घालू नका. गिरणीतच दळायचं असेल, तर गहू ज्यात अजिबात दळत नाहीत अशी चक्की शोधा. ‘आधी थोडे तांदूळ दळून चक्की साफ करून देतो’ असं गिरणीवाला म्हणाला तरी त्यावर विसंबू नका, दगडाच्या खाचांत गहू राहतोच.

दळणाच्या आदल्या दिवशी निवडायला बसा. स्टीलच्या ताटात, खिडकीच्या उजेडात, एका वेळी दोनच मुठी. गोल ज्वारीत गव्हाचा लांबट, मधे चीर असलेला दाणा लगेच उठून दिसतो. असा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन चारेक मिलिग्रॅम. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे किलोत सहा दाणे राहिले की ती ओलांडली! नाचणी चाळून घ्या, गहू वर राहतो. तांदूळही निवडा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा. सुट्टं धान्य गव्हाच्या पोत्याशेजारचं घेऊ नका, एकच माप दोन्हीकडे फिरतं.

चाळणी, परात, तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणं तिचं वेगळं हवं. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे, भाजून किंवा उकळून ते जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड नकोत. हिंगाची डबी वाचा, बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. थालीपिठाची भाजणी विकतची असेल तर त्यात गहू आहे असंच धरून चाला.

सकाळी आधी तिची भाकरी, झाकण लावून डबा बाजूला, मगच बाकीच्यांची कणीक. गावाला जाताना पीठ घट्ट डब्यात सोबत घ्या आणि आत्याला आधीच फोन करून सांगा, भाकरी थापताना खाली लावायचं पीठही याच डब्यातलं घ्या म्हणून.