पावसातली सुट्टी घरात सिनेमा बघत नीट कशी घालवायची

जुलैत आमच्याकडं बेळगावात पाऊस लागला की लागला, खानापूर साईडला तर त्याहून जास्त, मग रविवारी बाहेर जायचं म्हटलं तरी नुसता चिखल. अशा दिवशी घरी बसून सिनेमा बघणं मला लय आवडतं, आठवडाभर उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनच्या आवाजात काढल्यावर एक दिवस तरी शांत पाहिजे की. पण नुसता टीव्ही चालू ठेवला म्हणजे सुट्टी झाली असं होत नाही, थोडी तयारी लागते.

काय बघायचं ते आदल्या रात्रीच ठरवा. सकाळी रिमोट घेऊन शोधत बसलं की तासभर ट्रेलरमध्येच जातो आणि शेवटी कुणालाच नको असलेलं काहीतरी लागतं. एक सिनेमा पक्का, एक राखीव, बास. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर चालवत असाल तर क्वालिटी आधीच कमी करून ठेवा, एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, साध्या क्वालिटीत १ जीबीच्या आसपास.

डिश असेल तर जोराच्या पावसात चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं. दरवेळी बॉक्स बिघडलेला नसतो, डिशचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्या पावसाचे थेंब शोषून घेतात, जोर कमी झाला की आपोआप येतं. लगेच ओल्या कौलांवर चढू नका, खरंच सांगतो. आपल्याकडं डिशचं तोंड आग्नेयेला असतं, त्या बाजूला आंब्याची नाहीतर नारळाची फांदी आली असेल तर मे महिन्यातच छाटून घ्या. आणि वीज कडाडायला लागली की नुसता प्लग नाही, डिशची वायर पण काढायची.

आता सेटिंग, यावर मात्र अर्धा तास घालवाच. नवा टीव्ही बहुतेक भडक रंगांवर सेट असतो, तो दुकानातल्या लखलखाटात उठून दिसायला. पिक्चर मोडमध्ये जाऊन सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. मग मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनीचं त्याला नाव वेगळं असतं पण मोशन हा शब्द शोधला की सापडतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधे स्वतःच्या फ्रेमा घालतो आणि चांगला सिनेमा पण सीरियलसारखा दिसायला लागतो. बोलणं ऐकू येत नाही आणि गाणं आलं की घर दणाणतं असं होत असेल तर आवाज सराउंडवरून स्टिरिओवर आणा, माझ्या आईला तेव्हापासून सगळं नीट ऐकू येतंय.

आमच्या घरात आई मराठी आणि पोरं कन्नड शाळेतली, म्हणून कुठल्या भाषेतलं लावायचं यावर आधी वाद व्हायचे. आता आम्ही जोडी लावतो. २०१६ चा सैराट एका रविवारी, पुढच्या रविवारी त्याचाच कन्नड रिमेक मनसु मल्लिगे, २०१७ चा, दोन्हीत रिंकू राजगुरूच आहे, पोरं दोन्हीतले सीन जुळवत बसली. उंबरठा (१९८२) लावला तेव्हा आई स्मिता पाटीलसाठी बसली आणि गिरीश कर्नाड दिसल्यावर पोरगी म्हणाली हे तर आमच्या कन्नडचे नाटककार. सीमेवर राहून हे एक सुख आपल्याला मिळतंय, ते सोडू नका. नेट नसेल तर डीडी फ्री डिशवर मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही महिन्याच्या पैशाशिवाय येतात.

जेवणाचं आधी उरकून घ्या. घरातली बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत अर्धा सिनेमा चुकवणार असेल तर ती सुट्टी तिची नाहीच. आम्ही सकाळीच भात-आमटी करून ठेवतो, कांदा मी चिरतो, मधे भूक लागली तर चुरमुऱ्याचा भडंग असतोच, कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणला असेल तर तो मध्यंतराला. मध्यंतर मात्र नक्की घ्या, आई सलग बसू शकत नाही. फोन सगळ्यांचे आतल्या खोलीत.

आणि ऑटोप्ले बंद करा. नाहीतर सिनेमा संपतोय तोवर दुसरंच काहीतरी सुरू होतं. शेवटची नावं संपेपर्यंत आम्ही उठत नाही, मग टीव्ही बंद करून सोप्यात चहा घेतो, पाऊस चालूच असतो, आणि आई विचारते ती पोरगी शेवटी माघारी का गेली, आणि त्यावर पोरांचं आणि तिचं सुरू होतं.